आठवड्याची वही : आपल्या कामाची, आपल्या पेनाची

डिसेंबर महिना लागला की स्टेशनरीच्या दुकानांत नव्या वर्षाच्या डायऱ्या मांडल्या जातात. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट आणि पुण्यात अप्पा बळवंत चौक येथे खरेदीला गर्दी होते. कुणाला बँकेकडून, कुणाला विमा एजंटाकडून, तर कुणाला कंपनीकडून डायरी फुकट मिळते. ती मोठ्या कौतुकाने घरी येते. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात नाव-पत्ता लिहिला जातो. जानेवारीचे आठ-दहा दिवस भरतात. त्यानंतर तिच्यात मुलांची चित्रे निघतात आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स ठेवल्या जातात.

यात माणसाचा आळस आहे असे सर्वजण समजतात. आम्हाला तसे वाटत नाही. ती डायरी साहेबाच्या टेबलासाठी छापलेली असते. तिच्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ६ असे तास असतात, शनिवार-रविवारला मिळून अर्धा चौकोन असतो, आणि ती टिफिनच्या पिशवीत मावत नाही. आपल्या घरातील माणूस तिसऱ्या पाळीला जातो, घरातील बाई चार घरची कामे करते आणि रविवारी तर सगळ्यात जास्त धावपळ असते. अशा घरात ती डायरी चालणार कशी? म्हणून आठवड्याचे नियोजन करण्याची वही, जिला आजकाल प्लॅनर म्हणतात, ती कशी निवडावी याची माहिती येथे देत आहोत. कारकुनीच्या नोकरीत आमचा सगळा दिवस कागद-पेनात जातो आणि वस्तीतील लोकांच्या कामधंद्याच्या तक्रारीही आमच्याकडे येतात. या दोन्ही अनुभवांचा उपयोग व्हावा एवढाच हेतू.

वही हवीच कशाला?

आपल्या कष्टाची नोंद बहुतेक वेळा दुसऱ्याच्या हातात असते. कारखान्याचे मस्टर ठेकेदाराकडे असते. घरकाम करणाऱ्या बाईचे खाडे मालकीणबाई कॅलेंडरवर मांडतात. महिनाअखेरीस ठेकेदार म्हणतो २२ दिवस भरले, आणि मालकीणबाई म्हणतात पाच खाडे झाले. आपल्याजवळ उत्तर काय असते? "नाही हो, जास्त भरलेत." किती जास्त, कोणत्या तारखा, हे सांगता येत नाही. कारखान्यात ओव्हरटाइमचा दर साध्या दराच्या दुप्पट असतो हे पुष्कळांना ठाऊक असते. पण तासच मोजलेले नसतील तर दुप्पट कशाची करणार?

आमच्याकडे एकाच ठेकेदाराकडचे दोन सफाई कामगार एकाच आठवड्यात आले होते. दोघांचीही तक्रार तीच, की भरलेल्या दिवसांपेक्षा पैसे कमी मिळाले. पहिल्याने सांगितले, "पंचवीसएक दिवस तरी असतील." दुसऱ्याने खिशातून मळकी वही काढली. तिच्यात २६ तारखा, प्रत्येक तारखेपुढे पाळी, आणि कोणत्या इमारतीत काम केले ते लिहिलेले. मुकादमाला त्या तारखा वाचून दाखविल्यावर त्याला मस्टर पुन्हा उघडावे लागले आणि राहिलेले चार दिवस निघाले. पहिल्याची गाडी मात्र "पंचवीसएक" या शब्दावरच अडली. दोघांनी सारखेच कष्ट केले होते.

कायद्यातही अशा टिपणाला जागा आहे. एखादी गोष्ट घडली तेव्हाच किंवा त्यानंतर लवकरच साक्षीदाराने स्वतः लिहून ठेवले असेल, तर साक्ष देताना ते पाहून त्याला आठवण ताजी करता येते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्येही ती आहे. नुसती वही म्हणजे पूर्ण पुरावा नव्हे. जोडीला पगाराची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, सोबत काम करणाऱ्याचा शब्द लागतो. पण वेळच्या वेळी लिहिलेल्या तारखा असतील तर बोलण्याला आधार येतो. तेव्हा वही निवडताना ती दिसायला कशी आहे याच्याआधी ती आपल्याकडून रोज भरली जाईल का आणि वर्षभर टिकेल का, हे पाहावे.

पानाची आखणी

आठवड्याच्या वह्यांत साधारणपणे तीन प्रकारची आखणी मिळते. पहिल्या प्रकारात संपूर्ण आठवडा एका पानावर असतो. दुसऱ्यात समोरासमोरच्या दोन पानांवर आठवडा मांडलेला असतो. तिसऱ्यात डाव्या पानावर सात दिवस आणि उजवे पान टिपणासाठी कोरे असते. यांशिवाय दर दिवसाला उभा रकाना देऊन त्यात तास छापलेले असतात, तो प्रकार डॉक्टर-वकिलांच्या सोयीचा. पाळीवर काम करणाऱ्याने छापील तासांची वही घेऊ नये. तिसरी पाळी रात्री ११ ला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी ७ ला सुटते. ती त्या तासांत बसतच नाही. साधे ओळींचे चौकोन असावेत आणि ज्या तारखेला पाळी सुरू झाली त्याच तारखेखाली ती पूर्ण लिहावी. हा एकच नियम वर्षभर पाळला की घोटाळा होत नाही.

वार कोठून सुरू होतो तेही पाहावे. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवडा सोमवारपासून मोजतात, म्हणून पुष्कळ प्लॅनर सोमवारी सुरू होतात. भिंतीवरची कॅलेंडरे बहुधा रविवारी सुरू होतात. काही औद्योगिक वसाहतींत तर साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून गुरुवारी किंवा शुक्रवारी असते. अशा वेळी तारखा न छापलेली वही सोयीची पडते. आपल्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवसापासून आपला आठवडा सुरू करता येतो आणि जुलै महिन्यात वही घेतली तरी आधीची पाने वाया जात नाहीत.

रविवारचा चौकोन इतर दिवसांएवढाच मोठा आहे ना, हे जरूर पाहावे. बचत गटाची बैठक, दवाखान्यातून आणायची औषधे, पाहुणे, लग्नकार्य, मुलांचा अभ्यास, सगळे त्याच दिवशी येते.

ओळींचे अंतर आणि आपली लिपी

ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. पुष्कळ प्लॅनर इंग्रजी लिखाण डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. त्यांच्या ओळींत ५ किंवा ६ मिलिमीटरचे अंतर असते. मराठी अक्षराला शिरोरेघ असते, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार येतात आणि खाली उकार, ऋकार येतात. "कुर्ला", "शिष्यवृत्ती", "हप्त्यापूर्वी" असे शब्द ५ मिलिमीटरच्या ओळीत लिहून पाहावेत. वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मराठीत लिहिणाऱ्याने ७ ते ८ मिलिमीटरचे अंतर पाहावे; डोळे थकलेले असतील तर त्याहून थोडे जास्त.

आता हिशेब करू. ए-५ आकाराचे पान १४.८ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर उंच असते. वरखाली दीड सेंटिमीटर सोडले तर साडेएकोणीस उरले. एका पानावर सात दिवस घातले तर दर दिवसाला पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे ८ मिलिमीटरच्या तीन ओळी. दोन पानांवर आठवडा घेतला तर एका पानावर चार चौकोन येतात. सात दिवसांचे सात आणि आठवा हिशेबाचा. तेव्हा दर दिवसाला सहा ओळी मिळतात. एकट्या माणसाच्या पाळीसाठी तीन ओळी पुरतात. घरातील चौघांची कामे लिहायची असतील तर सहा ओळींशिवाय भागत नाही.

आकार आणि वजन

ए-४ कागद मधोमध दुमडला की ए-५ होतो. ए-५ दुमडला की ए-६, म्हणजे खिशात जाणारी वही. घरात टेबलावर किंवा फळीवर राहणारी वही ए-५ असावी आणि रोज बरोबर नेण्याची ए-६. मात्र ए-६ च्या चौकोनात घर मावत नाही हे लक्षात ठेवावे.

वजनाचाही हिशेब करता येतो. कागदाचे मोजमाप जीएसएममध्ये करतात. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ८० जीएसएमचा ए-४ कागद बरोबर ५ ग्रॅमचा असतो आणि ए-५ कागद अडीच ग्रॅमचा. ५२ आठवड्यांना दोन पानांप्रमाणे १०४ पाने, म्हणजे ५२ कागद. वजन १३० ग्रॅम. रोज एक पान असलेल्या डायरीत १८३ कागद. वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर, पुठ्ठा वेगळा. लोकलमध्ये लोंबकळत जाणाऱ्याने किंवा दोन बस बदलून कामाला जाणाऱ्या भगिनीने ते ओझे वर्षभर का वाहावे? आठवड्याची वही त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी वजनात काम भागवते.

पेन आधी, कागद नंतर

लोक आधी वही घेतात आणि मग तिच्यावर पेन चालत नाही म्हणून कुरकुर करतात. वास्तविक आपल्या खिशात कोणते पेन असते, ते आधी पाहावे आणि त्याला सोसेल असा कागद घ्यावा.

बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते. हंगेरीचे पत्रकार लाझ्लो बिरो यांनी १९३८ मध्ये या पेनाचे पेटंट घेतले. छापखान्याची शाई लवकर वाळते, तशी शाई पेनात का नसावी, या विचारातून त्यांचे काम सुरू झाले. घट्ट असल्यामुळे ती कागदात फारशी पसरत नाही. शाळेच्या वहीचा ६० जीएसएमच्या आसपासचा साधा कागदही तिला पुरतो. वाळल्यावर पाणी पडले तरी अक्षर सहसा टिकते. गैरसोय एकच, की दाबून लिहावे लागते, आणि पातळ कागदावर मागच्या पानापर्यंत खळगे पडतात. पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा ठेवला की काम भागते.

जेलपेनाची शाई पाण्याची असते आणि जास्त उतरते. अक्षर ठळक येते, हात दुखत नाही. पण वाळायला वेळ लागतो, आणि घाईत पान मिटले की समोरच्या पानावर ठसा उमटतो. त्याला ७० ते ८० जीएसएमचा कागद बरा. आठवड्याच्या वहीत ०.५ मिलिमीटरचे टोक पुरे. गुळगुळीत चकचकीत कागदावर जेलपेनाने लिहू नये, कारण शाई आत मुरत नाही आणि बोटाला लागते.

शाईपेनाची शाई सर्वांत पातळ. खळ नसलेल्या कागदावर ती टिपकागदासारखी पसरते. वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर शाईपेनाने लिहून पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. चांगल्या कागदाला तयार करतानाच खळ दिलेली असते, तिच्यामुळे शाई वरच राहते. म्हणून नुसत्या जीएसएमवर विसंबू नये. जपानमध्ये निघणारा तोमोए रिव्हर नावाचा कागद अवघा ५२ जीएसएमचा आहे, तरी शाईपेनाची शाई त्यातून पलीकडे पाझरत नाही. उलट जाड पण भुसभुशीत कागदावर अक्षराला फाटे फुटतात. शिवाय साधी निळी शाई पाण्याने धुऊन जाते. पावसाळ्यात ज्यांच्या पत्र्यातून पाणी ठिबकते, त्यांनी पगाराची आणि हजेरीची नोंद शाईपेनाने करू नये.

पुसता येणारे जेलपेन मुलांच्या हातात असते. त्याची शाई रबराने घासल्यावर निर्माण होणाऱ्या उष्णतेने दिसेनाशी होते. साधारण ६० अंश सेल्सिअस तापमानाला ती उडते. इस्त्री किंवा गरम तवा वहीला लागला तरी अक्षरे जातील. हजेरी आणि पैशाची नोंद त्या पेनाने कधीही करू नये. जे पुसता येते त्याच्यावर समोरचा विश्वास का ठेवील? स्केचपेन आणि मार्करही वहीपासून दूर ठेवावेत, कारण ते पातळ कागदातून आरपार जातात. खूण करायची तर कचेरीत वापरतात ती लाल-निळी पेन्सिल उत्तम. देणे लाल, येणे निळे. कुठल्याही कागदावर चालते.

डाव्या हाताने लिहिणाऱ्यांचा हात ओल्या अक्षरावरूनच पुढे सरकतो. त्यांनी बॉलपेनच वापरावे आणि तारेची वही घ्यायचीच असेल तर तार वरच्या बाजूला असलेली घ्यावी.

बांधणी

तारेची म्हणजे स्पायरल वही सपाट उघडते, पण पिशवीत तार दबते आणि पाने अडकतात. शिवाय तिच्यातून एखादे पान फाडले तर मागे काही खूण राहत नाही. नुसत्या डिंकाने चिकटविलेली वही वर्षअखेरीस सुटी होते. दोऱ्याच्या शिवणीची वही सर्वांत खात्रीची. तिच्यात एक पान फाडले की त्याच्या जोडीचे पानही सैल होते, म्हणजे पाने काढल्याचे लपत नाही. ज्या वहीवर हजेरीचा आधार ठेवायचा, ती अशीच असावी. पानांवर पहिल्याच दिवशी स्वतःच्या हाताने क्रमांक घालावेत.

दुकानातली परीक्षा

दुकानात जाताना घरातील सगळी पेने बरोबर न्यावीत. दुकानदाराला विचारून नमुन्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पेनाने एक ओळ लिहावी. मनात दहा अंक मोजून त्यावरून बोट फिरवावे. फासटले तर तो कागद त्या पेनाला योग्य नाही. मग पान उलटून पाहावे. अक्षराची नुसती सावली दिसत असेल तर चालेल. शाईचे ठिपके आले असतील तर पाठच्या बाजूवर लिहिता येणार नाही, म्हणजे अर्धी वही वाया. शेवटी वही सपाट उघडी राहते का ते पाहावे. घरी आल्यावर अक्षर वाळले की शेवटच्या पानावर पाण्याचा एक थेंब टाकून शाईचीही परीक्षा करावी.

विकत घ्यायलाच हवी का?

मुळीच नाही. दोनशे पानी शिवणीची वही आणि पट्टी असली की काम झाले. दोन पानांना एक आठवडा धरला तर २०० पानांत १०० आठवडे मावतात, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. शंभर पानी वही घेतली तर वर्षाला चार पाने कमी पडतात, हे ध्यानात ठेवावे. रविवारी रात्री मुलांना पट्टी-पेन्सिल देऊन पुढच्या आठवड्याचे आठ चौकोन आखून घ्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे. आधीच वर्षभराची पाने आखत बसू नये. दोन महिन्यांत आपल्याला कोणता चौकोन मोठा हवा हे कळते आणि आखणी बदलता येते. फुकट मिळालेली डायरीही अशीच कामी लावावी. तिच्या छापील तासांकडे दुर्लक्ष करून लिहावे.

काय लिहावे, कुणी लिहावे

दिवसाच्या चौकोनात पाळी, आल्या-गेल्याची वेळ, जास्तीचे तास आणि कामाची जागा लिहावी. घरकाम करणाऱ्या भगिनींनी प्रत्येक घराला एक अक्षर द्यावे आणि कामाला गेल्या त्या दिवशी बरोबरची खूण, न गेल्यास फुली करावी. मालकीणबाई गावाला गेल्या म्हणून दार बंद होते, तो दिवस "दार बंद" असाच लिहावा. तो आपला खाडा नव्हे. आठव्या चौकोनात आठवड्याचे येणे-देणे, बचत गटाचा हप्ता, वीजबिल, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आणि दवाखान्याची पुढची तारीख लिहावी. एटीएमची आणि दुकानाची उष्णतेवर छापलेली पावती काही महिन्यांत पांढरी पडते, म्हणून तिच्यावरची तारीख, रक्कम आणि क्रमांक वहीत उतरवून घ्यावेत. लिहिताना चुकले तर एक आडवी रेघ मारून पुढे बरोबर लिहावे. खाडाखोड करू नये, पांढरा रंग लावू नये. चांगल्या हिशेबनिसाची हीच रीत आहे.

मोबाईल असताना वही कशाला, असे तरुण मुले विचारतात. मोबाईल एकाचा असतो, तो कामावर बरोबर जातो, बिघडतो, हरवतो. वही घरात सर्वांसमोर उघडी राहते. आजीलाही तिच्यात आपल्या गोळ्यांची खूण करता येते. मोबाईलचा उपयोग जरूर करावा. दर रविवारी भरलेल्या पानाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे वही भिजली तरी नोंद राहते.

ज्या घरात आईला लिहिता येत नाही, तेथे मुलीने तिच्याजवळ बसून रोज संध्याकाळी विचारावे, "आई, आज किती घरे झाली?" आईने सांगावे आणि मुलीने लिहावे, खुणा मात्र आईनेच कराव्यात. महिना संपला की त्या खुणा आईने स्वतः मोजाव्यात, आणि पगार घ्यायला जाताना ती वही पिशवीत बरोबर न्यावी.